पहिल्या हाकेला

१

दिवेलागणीला मिताली खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि बाबाला फोन लावायची. वाशिंदला नव्या इमारतीत तिची भाड्याची खोली होती. एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम ती तिथूनच करायची. बाबा, म्हणजे यमाजी, पार तिकडे मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या पाड्यावर एकटा राहायचा. साखरेने त्याचे डोळे खाल्ले होते. डाव्या डोळ्याला उजेड तेवढा कळायचा, उजव्याला माणसाचा आकार. ओळख पटायची ती आवाजावरून. वाशिंदला ये म्हटलं की म्हातारा म्हणायचा, तिथं मला कोन ओळखतंय. मग मितालीने फोनवरूनच त्याचा संसार चालवायला घेतला होता. गोळी घेतलीस का, डोळ्यांत थेंब टाकलेस का, गॅस बंद केलास का, मागल्या दाराची कडी लावलीस का, असं एकेक विचारत ती त्याला रात्रीपर्यंत आणून सोडायची.

फोन उचलल्यावर यमाजी आधी गप्प बसायचा. "बाबा." गप्प. "बाबा." गप्प. तिसऱ्यांदा हाक मारली की मग, "ओ. बोल गो." पाड्यावर सगळ्यांचीच ही रीत होती. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्यालाही नाही. दारात उभं राहून मारलेली हाक असो नाहीतर शेताच्या बांधावरून, तिसरी ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मितालीच्याही अंगात हे इतकं मुरलं होतं की कल्याणच्या कॉलेजात हजेरीच्या वेळी ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली आणि पहिला महिनाभर गैरहजर लागली. यावरून वर्गाने तिला वर्षभर छळलं. आता ती या रीतीला हसायची, पण बाबाला तीन हाका मारताना तिला घरी गेल्यासारखं वाटायचं हेही खरं.

त्या दिवशी गोळीपर्यंत सगळं नीट झालं. थेंबांचं विचारलं आणि फोनमधला आवाज गेला. लाइन तुटली नव्हती, पडद्यावर कॉलची वेळ पुढे सरकत होती, पण बाबाचा आवाज नाही, त्याच्या ओट्यावरच्या कोंबड्या नाहीत, नुसती शांतता. मितालीने चारदोनदा हॅलो हॅलो केलं. फोन कानावरून काढून परत लावला. थोड्या वेळाने आवाज आला तो मधूनच.

"...बरं, एकच टाकतो मंग."

"एकच काय टाकतोस?"

"थेंब. तूच म्हणालीस ना आता, आजपासून एकच टाक."

"बाबा, मी कुठं बोलले? माझ्याकडं आवाज गेला होता."

"नाय गो. तू तर बोलत होतीस."

मितालीने त्याला दोन थेंब टाकायला लावले. म्हाताऱ्याने आपल्याच मनाने काहीतरी धरून घेतलं असेल असं म्हणून तिने विषय सोडला. खटकलं ते फोनचं. तिचा फोन आणि तिला न विचारता मुका होतो, हे तिला अजिबात खपणारं नव्हतं.

२

हा फोन साधासुधा नव्हता. त्यात लिनक्स होतं. मितालीने तो मुद्दाम शोधून, जुना, कुणाकडून तरी घेतला होता. ज्या फोनात काय चाललंय ते मला बघता येत नाही तो माझा कसा, असा तिचा सवाल असायचा. नातेवाइकांना यात निव्वळ खुळेपणा दिसत होता. कारण त्या फोनात लग्नाच्या पत्रिका उघडत नसत, बँकेचं ॲप चालत नसे आणि बॅटरी दुपारीच मान टाकी. मिताली सगळ्यांना पुरून उरली. मागचं झाकण काढून बॅटरी हाताने उपसता येते, माइकचं बटण खटकन बंद करता येतं, माझं बोलणं माझ्या परवानगीशिवाय कुणी ऐकत नाही, हे ती इतक्या अभिमानाने सांगायची की ऐकणारा विषय बदलायचा.

ऐकून घेणारा एकच होता, खालच्या मजल्यावरचा प्रणित. तो जवळच्या कारखान्यात यंत्रांच्या विजेच्या कामावर होता आणि बिघडलेली वस्तू बघितली की त्याचे हात शिवशिवायचे. दोघांनी फोनची झडती सुरू केली. या फोनात आवाजाचा कारभार एकाच्या हातात नसतो. टॉवरशी बोलणारा मोडेम वेगळा, आवाज वाहून नेणारी यंत्रणा वेगळी, आणि आता कॉल आलाय, गाणं थांबवा, स्पीकर बदला, असे हुकूम सोडणारी तिसरीच. एक म्हणतो मी दिला, दुसरा म्हणतो मला मिळालाच नाही. मितालीने यंत्रणा नव्याने सुरू करून पाहिली, जुनी आवृत्ती टाकली, परत नवी टाकली, फोन झोपू नये अशी सोय केली. प्रणित खालून फोन लावून अखंड बडबडायचा. आवाज मधूनच जायचा, पण तो गेला की दोन्हीकडचा जायचा. प्रणितलाही वरून काही ऐकू येत नसे. बाबासारखं, "तू तर बोलत होतीस," असं तो एकदाही म्हणाला नाही.

बाबा मात्र रोज म्हणत होता. एकदा म्हणाला, तू सांगितलंस म्हणून भात पातळ केला. एकदा म्हणाला, तुझी सर्दी बरी झाली ते बरं झालं. सर्दी मितालीला झालीच नव्हती. पण तिने ती खरीच होऊन गेल्यासारखी हो म्हणून टाकली, कारण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही शिजत होतं.

फोनमध्ये गोंगाट गाळायची एक सोय असते. कॉल सुरू झाला की ती पहिले काही क्षण कान देते, आजूबाजूचा गोंगाट कुठला ते ठरवते आणि पुढे तेवढा गाळून टाकते. आता आपला बाबा काय करतो? फोन उचलतो आणि तीन हाका होईस्तोवर तोंड मिटून बसतो. बिचाऱ्या यंत्रणेला माणूस म्हणून काही मिळतच नाही, आणि नंतर ती बाबालाच गोंगाट समजते. हे सुचलं तेव्हा मिताली जागेवरून उठून उभी राहिली. प्रणितलाही पटलं.

त्या संध्याकाळी तिने बाबाला सांगितलं, उद्यापासून फोन उचललास की लगेच बोल. हाकांची वाट बघू नको.

यमाजी बराच वेळ काही बोलला नाही. मितालीला वाटलं आवाज पुन्हा गेला.

"पयल्या हाकेला ओ देऊ नये गो," तो म्हणाला. "आमच्या आज्यापास्नं कुनी दिली नाय."

"पण का देऊ नये?"

"का ते मला काय ठावं? देऊ नये एवढं ठावं."

"बाबा, तुला माझ्याशिवाय दुसरं कोण फोन करतंय?"

मितालीला बोलून गेल्यावर वाईट वाटलं, पण ते खरंच होतं.

"देतो मंग," यमाजी म्हणाला. "तुझ्यासाठी देतो."

३

आणि आवाज जायचा थांबला. दुसऱ्या दिवशी तिने "बाबा" म्हणायच्या आत पलीकडून "ओ" आली. कॉलभर एक अक्षर गळलं नाही. पुढचे बरेच दिवस नाही. असले फोन वापरणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे मितालीने आपला शोध सविस्तर लिहून टाकला आणि परदेशातल्या अनोळखी लोकांची शाबासकी मिळवली. प्रणितला तिने वडापाव खाऊ घातला. ती खरोखर खूश होती.

मग एका संध्याकाळी यमाजी सहज बोलून गेला, "दुपारचा पन फोन करतेस हल्ली, बरं वाटतं गो. घर खायला उठत नाय."

मिताली दुपारी कधीच फोन करत नसे. दुपारी तिच्या कंपनीच्या बैठका असत. तिने फोनातली नोंद बघितली, दुपारचा एकही कॉल नव्हता. तिला आधी वाटलं, बाबाचं डोकं चाललं. डोळे गेले, आता डोकंही चाललं, आणि आपण इथे बसून यंत्रणा दुरुस्त करतोय. ती त्या रात्री जेवली नाही. सकाळी उठून तिने शेजारच्या धोंडूबाईला फोन लावला. धोंडूबाईनेही तीन हाका ऐकून मगच ओ दिली.

"काकी, बाबा दुपारी कुणाशी बोलतो?"

"तुझ्याशीच की. ओट्यावर बसून रोज बोलतो, हसतो. त्याचा फोन मोठ्यानं लावलेला असतो, मला चुलीपाशी ऐकू येतं. तुझाच आवाज गो."

मितालीने पुढे काय विचारलं ते तिला नंतर आठवेना. धोंडूबाईच बोलत राहिली. म्हणाली, यमाजी हल्ली मागलं दार रात्रीसुद्धा उघडं टाकतो, मी बोलले तर माझ्यावरच धावून आला, पोरीनं सांगितलंय म्हणाला. जरा समजाव त्याला.

घराचं मागलं दार शेताकडे उघडायचं. शेत संपलं की ओहोळ, आणि ओहोळावर जुना लाकडी साकव. या पावसाळ्यात साकवाचा मधला भाग वाहून गेला होता. खाली दगडच दगड. डोळस माणसंसुद्धा आता तिकडून जात नसत, रस्त्याने वळसा घेत. मितालीने त्या संध्याकाळी बाबाला स्पष्ट सांगितलं की दुपारी बोलते ती मी नव्हे, मागलं दार लावून घे आणि उद्यापासून पुन्हा तीन हाका ऐकल्याशिवाय ओ देऊ नको. यमाजी बरं बरं म्हणाला. त्याच्या आवाजात ती लहानपणी तापात बरळायची तेव्हाचा समजूतदारपणा होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच हाकेला ओ आली.

"बाबा, मी काल काय सांगितलं?"

"सांगितलंस. पर दुपारी तूच म्हणालीस ना, संध्याकाळी रागावले तर मनावर घेऊ नकोस. कामानं डोकं फिरतं माझं."

मितालीला भीती वाटली, खूप वाटली, आणि तिच्या मागोमाग असा संताप आला की भीती मागे सरकली. माझ्या बापाशी माझ्या आवाजात बोलायची कुणाची टाप आहे ते मी बघतेच, असं ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

४

रविवारी बाराच्या सुमाराला तिने प्रणितला वर बोलावलं. कॉल चालू असताना मोडेमकडून येणारा आणि मोडेमकडे जाणारा, असे दोन्ही आवाज वेगवेगळे साठवून ठेवायची सोय तिने करून ठेवली होती. कुणीतरी सिमची नक्कल केली असेल, लाइन लाइनला चिकटत असेल, काहीही असो, सापडेल, असं प्रणित म्हणाला. मितालीने फोन लावला. बाबाने ओ दिली, आणि लगेच आवाज गेला. या वेळी तो परत आलाच नाही. बाहेरून एक मालगाडी लांबलचक शिटी वाजवत गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या, वर पंखा कुरकुरत होता. मिताली बाबा बाबा करत राहिली. शेवटी पलीकडून फोन ठेवला गेला.

मग त्यांनी साठवलेलं ऐकलं. आधी बाबाकडून आलेलं. त्यात बाबाचा आवाज अगदी स्वच्छ होता.

"हो गो." मग थोडी शांतता, समोरचं माणूस बोलून होईल एवढी. "साकवाशी? पर तो मधी मोडलाय ना." पुन्हा शांतता, जरा मोठी. "गाडी इथवर येत नाय ते खरं." शांतता. "बरं. तू हात धरशील तर येतो. सदरा धुतलेला हाय, तोच घालतो."

प्रणितने थांबव म्हटलं. मितालीने थांबवलं नाही. तिने दुसरा आवाज लावला, तिच्या खोलीतून बाबाकडे गेलेला. त्यात तिची हाक नव्हती. पंखा नव्हता. मालगाडी गेली तेव्हा प्रणित तिथेच बसला होता, त्याने स्वतःच्या कानांनी शिटी ऐकली होती, आणि ती त्यात नव्हती. दगडांवरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज होता. मोकळ्यावर असतो तसा वारा होता. आणि फोन तोंडाजवळ धरून कुणीतरी चालत असल्यासारखा श्वास. ती शेवटपर्यंत कान लावून बसली, पण शब्द एकही नव्हता.

प्रणित म्हणाला, हा फोन ओहोळात टाक, नदीत टाक, कुठंही टाक. त्याचा चेहरा उतरला होता. तो कारखान्यातल्या कुठल्याही यंत्राला न भिणारा माणूस, आणि त्याने टेबलापासून खुर्ची मागे घेतली.

"फोन मी टाकणार नाही," मिताली म्हणाली. "फोन माझा आहे. आवाज माझा आहे."

तिने झाकण काढून बॅटरी उपसली आणि टेबलावर फोनच्या शेजारी ठेवली. माइकचं बटण बंद केलं. सिमही काढलं. मग प्रणितचा फोन घेऊन बाबाचा नंबर लावला. ज्याला तुम्ही फोन करत आहात तो दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. मितालीने पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली. टेबलावर फोन आणि बॅटरी अलग अलग पडलेली होती आणि दोघंही त्यांच्याकडे बघत होते.

धोंडूबाईचा फोन लागला, पण ती सकाळीच वाल-वांगी घेऊन धसईच्या बाजाराला गेली होती, संध्याकाळशिवाय परतणार नव्हती. म्हणाली, निघताना बघितला यमाजीला, दाढी करत होता, पोरगी न्यायला येतेय म्हणाला. पाड्यावर दुसरं कुणी फोन उचलायला नव्हतं. भात झोडून झाल्यावर धडधाकट माणसं कामाला बाहेरगावी गेली होती. प्रणितची दुपारपाळी होती, तरी तो येतो म्हणाला. मितालीने त्याचा फोन तेवढा मागून घेतला आणि स्कूटीला किल्ली लावली.

शहापूर मागे टाकून ती किन्हवलीच्या रस्त्याला लागली. वाटेत दोनदा थांबून तिने नंबर लावला, दोन्हीदा तीच गोड बाई. सरळगावला माळशेजचा रस्ता मिळाला. रविवारच्या सहलीच्या गाड्या भोंगे वाजवत तिला कट मारून जात होत्या. आत गाणी लागलेली, पोरं खिडकीतून हात बाहेर काढून ओरडणारी. त्यांच्यात घुसून ती स्कूटी दामटत होती आणि मनातल्या मनात प्रणितशी भांडत होती. आपण भित्रे असतो तर कधीच फोन बदलून मोकळे झालो असतो, मग बाबा कधी गेला हेही कळलं नसतं, असं तिचं त्या भांडणातलं म्हणणं होतं. टोकावडे गेलं. वैशाखरे आलं. तिने स्कूटी कच्च्या रस्त्यावर घातली.

५

उन्हं कलली होती. पाड्यावर सामसूम होती. घराचं पुढचं दार आतून लावलेलं. मिताली घराला वळसा घालून मागे धावली.

यमाजी मागल्या दाराच्या उंबऱ्यापाशी उभा होता. धुतलेला सदरा, गुळगुळीत दाढी, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने बटणांचा फोन कानाला लावलेला. एक पाय त्याने उंबऱ्याबाहेर टाकला होता.

"बाबा," मितालीने हाक मारली आणि त्याचा दंड धरला.

म्हातारा दचकला. "कोन?"

"मी. मिताली."

तो हसला, परक्या बाईशी हसतात तसं, अदबीने. "मिताली हितं हाय, फोनवर."

त्याने फोन कानापासून दूर केला. तो मोठ्याने लावलेला होताच. त्यातून आवाज आला, "कोण आहे बाबा तिथं?"

आपलाच आवाज बाहेरून ऐकायची सवय कुणालाच नसते. म्हणून पहिला क्षणभर मितालीला तो ओळखीचा वाटला नाही. मग तिने त्यातली ती शेवटी जरा वर जाणारी लकब ऐकली, आणि बाबाचा दंड आणखी घट्ट धरला.

"कोनतरी आलीय गो घरात," यमाजी फोनला म्हणाला. "तुझ्याच आवाजात बोलते."

"ऐकू नकोस तिचं. मी साकवाशी आलेय. ये."

"ठेव फोन," मिताली फोनवर वाकून म्हणाली. "हा माझा बाप आहे."

फोनमध्ये पाणी वाहत होतं. मग तिथून, तेवढ्याच रागाने, "ठेव फोन. हा माझा बाप आहे," असं आलं.

यमाजीने काठी भिंतीला टेकवली. त्याचे डोळे दोघींच्या मधे कुठेतरी लागले होते. तो घाबरला नव्हता, त्याला फक्त वाईट वाटत होतं. मितालीला ते बघवेना. त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "मिताली असशील तर सांग. तुझ्या आईनं जाताना काय मागितलं?"

"पेज," मिताली म्हणाली.

फोन तिच्या कणभर आधी म्हणाला होता.

"हां," यमाजी म्हणाला, आणि त्याने मान फोनकडे वळवली.

आता मितालीकडे दुसरं काय उरलं होतं? आईची साडी, शाळेत पडलेला दात, पुरात गेलेली म्हैस, तिला आठवणारं सगळं त्या फोनलाही आठवणार होतं, आणि जरा आधी आठवणार होतं. तिने बाबाचे हात स्वतःच्या तोंडावरून फिरवले. तो म्हणाला, पोरीला हात लावून किती दिवस झाले, मला काय कळणार. हे त्याने तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. मितालीला रडू आलं, मोठ्याने आलं, आणि ती रडत असतानाच फोनमधूनही रडणं ऐकू आलं तेव्हा तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

मग तिने पटवून द्यायचं सोडून दिलं. बाबाला तिने खांद्याने आत ढकललं आणि उंबऱ्यावर आडवी बसली, पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला रोवून. यमाजीने आधी विनवलं. मग काठीने ढोसलं. मग मारलं. काठी तिच्या खांद्यावर लागली, दुसऱ्यांदा कानशिलाला लागली. जन्मात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता.

"मला मुलगी म्हण नायतर चेटकीण म्हण," मिताली म्हणाली. "मी हितून उठत नाय."

यमाजी पुढच्या दाराकडे वळला. तिथली कडी त्याला चाचपून सापडायची, पण ती गंजलेली, घट्ट. तो कडीशी झटत असताना तिने उठून त्याला तिथूनही ओढून आणलं, कडीत मुसळाचा तुकडा ठोकून बसवला आणि परत उंबऱ्यावर येऊन बसली. म्हातारा खाटेवर जाऊन बसला. तो धापा टाकत होता.

तेव्हा तिने पहिल्यांदा शेताकडे बघितलं. भात कापून नेलेलं, सगळं मोकळं, ओहोळापर्यंत नजर जात होती. साकवाच्या अलीकडच्या टोकाला कुणीतरी उभं होतं. मागून ऊन येत होतं म्हणून तोंड दिसत नव्हतं. अंगावर पिवळा कुर्ता. मितालीने स्वतःच्या पिवळ्या कुर्त्याकडे बघितलं, त्यावर रस्त्याची धूळ आणि खांद्यापाशी काठीने फाटलेलं. तिने पुन्हा तिकडे बघितलं. त्या आकाराचा एक हात कानाशी होता. आणि तोही आता हळूहळू खाली बसत होता, पाठ साकवाच्या खांबाला, पाय समोर रोवून.

मितालीने नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी हलवली नाही. वाशिंदला मालगाड्यांच्या आवाजात, बॅटरी काढून, यंत्रणा उघडून ती जे शोधत होती ते समोर होतं. त्याला काय नाव द्यायचं ते तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ते तिथे बसलं आहे तोवर ते बाबाचा हात धरू शकत नाही, एवढं तिला पुरे होतं. धोंडूबाई बाजाराहून येईल, रात्र होईल, उद्या सकाळ होईल. कंबर कसून बसायची तिची तयारी होती.

मागे खाटेवर यमाजी फोन तोंडाजवळ धरून अगदी हळू बोलत होता. आपलं आपल्यालाच ऐकू येईल असं त्याला वाटत असावं.

"येतो गो. तू थांब तिथंच. ही झोपली की निघतो."

मितालीने मागे वळून बघितलं नाही.

"झोपत नाय मी," ती म्हणाली. "सांग तिला."